कुकरचा दिवा

बाबांनी आईचा कुकर कापायला काढला तेव्हा मी तो त्यांच्या हातातून अक्षरशः हिसकावून घेतला. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं, नेरूळमधलं आमचं दोन खोल्यांचं घर. आतल्या खोलीत आई पडून होती. इस्पितळातल्या डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं होतं. त्याचा अर्थ आम्हा दोघांनाही कळला होता, पण तो तोंडातून काढायची कोणाची छाती नव्हती.

"आई उठल्यावर भात कशात लावणार?" मी बाबांवर ओरडले.

आतून आईचाच आवाज आला, "कापू दे गं त्यांना. मला काय करायचा हाय आता कुकर?"

मी कुकर खाली ठेवला, मोरीत गेले आणि नळ सोडून रडून घेतलं. सगळे रिपोर्ट मी स्वतः वाचले होते, बेलापूरच्या ऑफिसातून रजा काढून स्वतः आणले होते. तेव्हा जे मनाला पटलं नव्हतं ते त्या क्षणी पटलं, आणि मला बाबांचा भयंकर राग आला.

आईचं माहेर तिथलंच, नेरूळच्या जुन्या गावातलं. मामाच्या शेतात एक पायऱ्यांची विहीर होती आणि तिच्या आत एका रुंद पायरीवर साती आसरा होत्या. म्हणजे पाण्याच्या सात बहिणी, सात देवी. दिसायला शेंदूर फासलेले सात दगड. बाळंतपणानंतर आई पहिल्यांदा घराबाहेर पडली ती मला घेऊन त्यांच्यापुढे. मला पायरीवर आडवं निजवून तिने ओटी भरली आणि सांगितलं, ही नवरी होईल तेव्हा हिला घेऊन येईन. तेव्हापासून दर वर्षी तिची खणानारळाची फेरी चुकली नाही. बाबांचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. कारखान्यात विजेची कामं करणारा माणूस. आई विहिरीवरून परतली की विचारायचे, "काय म्हणतात माझ्या सात मेहुण्या?" आई फणकारायची. हे आमच्या घरचं ठरलेलं होतं.

शेत सरकारी भूसंपादनात गेलं, मोटा आणि पंप बंद झाले. पाणी उपसणारं कोणी राहिलं नाही म्हणून विहिरीत ते चढत गेलं आणि आसरांची पायरी पाण्याखाली गेली. आता तिथे इमारत उठणार होती. विहीर येत्या आठवड्यात भरणार, असं मामा सांगून गेला आणि आईने अंथरुणावरून एकच धोशा लावला. एकदा मला त्यांना बघू द्या. लग्नाला पोरीला घेऊन येईन म्हणाले होते, आता मी येत नाही, हे तोंडावर सांगितल्याशिवाय जायचं कसं?

मामा म्हणाला, "मी बुडी मारून एकेक काढून आनतो."

आई केवढ्यांदा तरी ओरडली. "त्यांना जाग्यावरून हलवतात का कोन? जाग्यावरच भेटायचं असतं."

दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, व्हिडिओ काढू. लग्नाचं शूटिंग करणारा त्यांचा एक मित्र दुपारपुरता कॅमेरा द्यायला तयार झाला. माशांच्या काचेच्या पेटीत कॅमेरा ठेवायचा, पेटी पाण्यावर तरंगती धरायची आणि तळाच्या काचेतून खालची पायरी टिपायची. अडचण होती उजेडाची. त्या हिरव्या पाण्यात हातभर खालचंही दिसत नव्हतं. पाण्यातला तयार दिवा मिळायचा तो बंदरावर बोटींचे तळ तपासणाऱ्या पाणबुड्यांकडे, आणि त्याचं भाडं ऐकूनच बाबा परत आले.

मग कुकर. बाबांचं म्हणणं साधं होतं: ज्यातून वाफ बाहेर येत नाही त्यात पाणी आत कसं जाईल? आमचा कुकर जुन्या पद्धतीचा, झाकण तिरकं करून आत सरकवायचं आणि मग वर ओढून बसवायचं. त्यांनी बूड गोल कापून तिथे जाड काच सिलिकॉनने चिकटवली. आत मोटारीच्या हेडलाइटचा बल्ब. शिट्टीच्या भोकातून वायर बाहेर, भोक सिलिकॉनने बुजवलेलं, ती वर काठावर ठेवलेल्या बॅटरीला. झाकणाला नवीन रबर. मी चिडलेलीच होते, पण रबर मीच आणून दिलं. हे सगळं ते आतल्या खोलीत आईच्या पायाशी बसून करायचे आणि ती पडल्या पडल्या सूचना द्यायची. "रबराला तेलाचा हात फिरवा हो, म्हंजे बसतं." इतक्या वर्षांत मी त्या दोघांना एका कामावर बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. पाहिलं ते हे असं.

गच्चीवरच्या पाण्याच्या पिंपात दिवा बुडवून पाहिला. लख्ख पेटला. बाबा लहान मुलासारखे धावत खाली सांगायला गेले.

विहिरीवर मी, बाबा आणि मामा. पलीकडे मातीचे डंपर येऊन उभे होते. बाबा छातीभर पाण्यात पेटी धरून उभे राहिले, मामाने दिवा तरंगू नये म्हणून कडेला दगड बांधून तो दोरीने खाली सोडला. हिरव्या पाण्यात पिवळा गोळा उतरत गेला. एक पायरी दिसली, दुसरी दिसली. त्याखाली रुंद पायरीची कड उजळायला लागली आणि फट्‌ असा बारीक आवाज झाला. काळोख. वर बुडबुडे आले.

दिवा ओढून काढला तर कुकर पाण्याने भरलेला. बाबा झाकण हातात धरून बघत राहिले. "वाफ आतून ढकलते," ते म्हणाले. "म्हणून घट्ट बसतं. पाणी बाहेरून ढकलणार. ते उघडणारच." आयुष्यभर असल्या गोष्टी दुरुस्त करणाऱ्या माणसाला हे सुचलं नव्हतं, कारण दहा दिशांना धावणाऱ्या त्या आठवड्यात त्यांना झोपच नव्हती. डंपरवाल्यांचा मुकादम म्हणाला, सकाळी भराव सुरू. कॅमेराही संध्याकाळी परत द्यायचा होता.

माझा सगळा राग गळून गेला. पाण्यातून वर येताना बाबा एकदम म्हातारे दिसत होते.

घरी आईला काही सांगायच्या आधीच कॅमेऱ्याची वायर टीव्हीला जोडावी लागली. ती उशीला टेकून बसली होती, डोक्यावर पदर घेतला होता. पडद्यावर हिरवं पाणी, पिवळा उजेड, दोन पायऱ्या आणि मग काळं. नुसतं काळं. बाबा बंद करायला उठले.

"राहू द्या," आई म्हणाली. ती पुढे वाकली. बोट उचलून तिने त्या काळ्या पडद्यावर मोजायला सुरुवात केली. "ही थोरली. ही तिच्या पाठची. ही कडेची, हिचा शेंदूर गेला बघा." अशा साती जणी झाल्या. मग तिने हात जोडले. "मी नाय येत आता," ती त्यांना म्हणाली. "पोरगी येईल तेव्हा तिला ओळखा." आणि बाबांकडे वळून, किती तरी दिवसांनी हसून म्हणाली, "झकास काढलंत हो."

ती झोपल्यावर मी स्वयंपाकघरात आले. बाबा ओट्याशी पाठमोरे उभे होते.

"तुला दिसल्या का गं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"सगळ्या?"

"सगळ्या, बाबा."

"मग माझाच चष्मा बदलायला झाला," ते म्हणाले, आणि चष्मा काढून तिथेच ओट्यावर डोकं टेकून हमसून रडायला लागले.