मुरुडच्या वाचनालयातलं पुस्तक आणि आबांची पाटी

या सदरातले वाचकांचे गूढ अनुभव मी नेहमी वाचते, पण खरं सांगायचं तर चहाबरोबर बिस्किट खावं तसे. विश्वास वगैरे काही नाही. मी नांदेडला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. मशीन विचित्र वागलं की कुणीतरी कुठेतरी चुकीचं बटण दाबलेलं असतं, हे मी पोरांना दर वर्षी पहिल्याच तासाला सांगते. माझ्या घरात भूत-प्रेत, नजर, उतारा यातलं काही नव्हतं. वडील शिक्षक. आमच्या आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हाच घरातून या गोष्टी गेल्या त्या गेल्याच.

तरीही हे लिहितेय... कारण याचं उत्तर मला सापडलेलं नाही, आणि शोधायचं मी आता थांबवलंय.

वडिलांना आम्ही सगळे आबा म्हणतो. भूकंपात औसा तालुक्यातलं आमचं माळवदाचं घर बसलं. आम्ही माणसं वाचलो. नंतर लोक ढिगाऱ्यातून भांडी, कणगीतलं धान्य काढत होते तेव्हा आबांनी एक छोटी कादंबरी काढली. पुठ्ठा फाटलेला, पानांच्या कडा लाल मातीने माखलेल्या. आईने तेव्हा कपाळाला हात लावला होता. धरणात गाव गेलेल्या माणसांची ती कादंबरी. पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो तेव्हा आबांनी ती पुन्हा वाचली आणि त्यातल्या एका जागेखाली पेन्सिलने रेघ मारली. नव्या जागी आलेली एक म्हातारी तीन दगड मांडून चूल पेटवते, एवढंच तिथे आहे. पुस्तकावर खूण करायची नाही असं शाळेत पोरांना बजावणाऱ्या माणसाने आयुष्यात मारलेली ती एकमेव रेघ.

पुढे आबांची बदली लातूरजवळच्या मुरुडला झाली, तिथेच ते रिटायर झाले. आई गेल्यावर मी त्यांना नांदेडला आणलं. आमच्या फ्लॅटमध्ये एवढी पुस्तकं ठेवायला जागा नव्हती, आणि डोळ्यांमुळे त्यांना बारीक अक्षर दिसेनासं झालं होतं. त्यांनी स्वतःच ती सगळी मुरुडच्या वाचनालयाला देऊन टाकली. मी त्यांना ई-बुक रीडर घेऊन दिला. मला वाटलं होतं नाक मुरडतील. उलट पहिल्याच दिवशी अक्षर मोठं करून बघितलं आणि म्हणाले, "आगं, हे तर लई बेस हाय! आधी का न्हाई आणलं?" त्या दिवसापासून ते त्याला पाटी म्हणतात. ती कादंबरीही ई-बुकात निघाली होती, ती त्यांनी सगळ्यात आधी घ्यायला लावली.

माझी मुलगी संघमित्रा, आमची मित्रा, बारावीनंतर मेडिकलची 'नीट' परीक्षा पुन्हा देण्यासाठी लातूरला क्लासला होती. लातूरचं तुम्हाला माहीतच आहे. स्टँडवरून बाहेर पडलं की टॉपरांचे फोटो, पुढे क्लास, मग मेस, मग हॉस्टेल, की परत टॉपरांचे फोटो. तिच्याकडे टॅब होता. नोट्स, टेस्ट, निकाल, लेक्चर, सगळं त्यावरच. आबांची पाटी आणि तिचा टॅब मी एकाच अकाउंटला जोडले होते. म्हणजे एकाने पुस्तक पुढे वाचलं की दुसऱ्याच्या पडद्यावर विचारणा येते — 'दुसरीकडे पुढचं पान वाचलं गेलं आहे, तिथे जायचं का?' आबांना याची फार गंमत वाटायची. त्यांनी तिला फोनवर सांगितलं, "आपण दोघं मिळून वाचू. रोज थोडं. तेवढंच डोकं हलकं व्हतंय." तिने हो म्हटलं, पण पहिल्या प्रकरणाच्या पुढे काही ती सरकली नाही. वेळच नसायचा. आबाही तिच्यासाठी तिथेच थांबले होते. पुढे वाचायला तयार नाहीत. पाटीवर दुसरी पुस्तकं वाचायचे, हे मात्र तसंच.

त्या दिवशी सकाळी मी कॉलेजला निघत होते तर हॉस्टेलच्या बाईंचा फोन. मित्रा क्लासला गेली नाही, खोलीत नाही, मोबाइल बंद. आदल्या संध्याकाळी टेस्टचा निकाल लागला होता. तिच्या खोलीतल्या मुलीशी बोलले. ती रडत होती. "काकू, रात्री जेवली नाही ताई. काही बोललीच नाही. सकाळी मी उठले तर नव्हती."

अशा शहरांतल्या अशा मुलांच्या बातम्या आपण सगळेच वाचतो.

मिलिंदने, माझ्या नवऱ्याने, गाडी काढली. आबांना घरी थांबा म्हटलं तर ते पाटी काखेत मारून आमच्या आधी लिफ्टपाशी उभे. लोह्याजवळ मिलिंदने लातूरच्या एका मित्राला फोन करून पोलिसांत कळवायला सांगितलं. मग म्हणाला, "आणि जरा... रेल्वे स्टेशनकडेही बघून ये." एवढं बोलून त्याने फोन ठेवला. मी खिडकीबाहेर बघत बसले.

आबा मागच्या सीटवर होते. हाताला काहीतरी हवं म्हणून त्यांनी पाटी उघडली होती. तिला नेट माझ्या मोबाइलवरून मिळत होतं. अहमदपूरच्या अलीकडे त्यांनी माझ्या खांद्याला हात लावला.

"पोरगी वाचायलीय गं."

मी वळून बघितलं. तीच कादंबरी उघडलेली, आणि त्यावर ती विचारणा — पुढचं पान वाचलं गेलं आहे, तिथे जायचं का?

मला रडूच फुटलं. म्हणजे ती आहे! कुठेतरी बसून वाचतेय! मिलिंदने गाडी कडेला घेतली, डोकं स्टिअरिंगवर टेकवलं. आबांनी 'हो'वर बोट ठेवलं. दुसरं प्रकरण उघडलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारणा. आणखी पुढे. सरळ, एका लयीत, पुस्तक वाचणारं माणूस जसं पुढे जातं तसं.

मी घाईघाईने तिच्या खोलीतल्या मुलीला फोन लावला. म्हटलं, मित्रा टॅब घेऊन गेलीय ना, तो चालू आहे, आपल्याला शोधता येईल.

"नाही काकू," ती म्हणाली. "टॅब इथंच आहे. तिच्या गादीखाली सापडला. बंद पडलाय, चार्जिंगच नाही."

फोन स्पीकरवर होता. गाडीत तिघांनीही ऐकलं. आणि त्याच क्षणी आबांच्या हातातला पडदा बदलला. पुन्हा तीच विचारणा.

मला तेव्हा भीती वाटली का? हो. पहिल्यांदा. तरी डोकं लढवत होते, की सर्व्हरला उशीर झाला असेल, जुनं सिंक, म्हणजे आधी कधीतरी वाचलेल्या पानाची नोंद, आत्ता येत असेल. पण जुनं यायला आधी वाचलेलं तरी असायला हवं ना? मी त्या मुलीला म्हटलं, "टॅब चार्जिंगला लाव आणि चालू झाला की ते पुस्तक उघडून कुठे आहे ते सांग." चाकूरजवळ तिचा फोन आला. टॅबवर पुस्तक पहिल्याच प्रकरणात होतं.

आबा यातलं काही ऐकत नव्हते. ते पाटी डोळ्यांजवळ धरून बसले होते. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "ही रेघ कुणी मारली?"

पडद्यावर म्हातारीची चूल पेटवायची ती जागा होती, आणि त्या ओळींवर राखाडी पट्टी उमटली होती. पाटीवर खूण करायला शब्दावर बोट दाबून धरावं लागतं, मग ओढावं लागतं. आबांना ते येत नाही. त्यांनी कधी केलेलं नाही.

"ही रेघ माझी हाय," आबा म्हणाले. "पण ती यात न्हाई. ती छापील पुस्तकात हाय. शेडमधी मारलेली." मग ताठ बसले. "मिलिंदराव, मुरुडला चला. पोरगी माझं पुस्तक वाचायलीय."

मिलिंद चिडला. त्याचं बरोबरच होतं. "आबा, मुरुडला आपलं आता कोण आहे? पोलीस लातूरला थांबलेत. मशीनच्या एका पट्टीवर मी..."

"तुम्ही उतरा लातूरला. आम्ही दोघं जातो."

तसंच केलं. मिलिंद हॉस्टेलपाशी उतरला, मी स्टिअरिंगवर बसले. मुरुडपर्यंत मी गाडी कशी चालवली मला आठवत नाही. आबा मधूनमधून फक्त सांगत होते, "चाललीय... वाचायलीय..." आणि एकदा बराच वेळ काहीच बोलले नाहीत तेव्हा मी ओरडलेच, "आबा, काय झालं?" ते म्हणाले, "काही न्हाई. मोठं प्रकरण हाय ते. वेळ लागतोय."

वाचनालयाची अभ्यासिका दिवसभर उघडी असते. दारातल्या बाईंना मी मोबाइलमधला फोटो दाखवला. "ही व्हय? आत हाय की. सकाळी दार उघडायला आले तर पायरीवर बसलेली. चहा दिला तर घेतला न्हाई."

खिडकीजवळच्या बाकावर मित्रा बसली होती. केस विस्कटलेले, पायात हॉस्टेलच्या बाथरूमच्या चपला. समोर ते पुस्तक, मातीने लाल झालेल्या कडांचं. तिने पान उलटलं. माझ्या शेजारी आबांच्या हातात पडद्यावर विचारणा आली. मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. एकदाच बघितलं असतं तर डोळ्यांना दोष दिला असता, पण तिने पुढचं पान उलटलं तेव्हाही तेच झालं.

आबा पुढे गेले, तिच्या शेजारी बाकावर बसले आणि रोज फोनवर विचारावं तसं विचारलं, "कुठवर आली गं?"

तिने मान वर केली. मग त्यांच्या सदऱ्यात तोंड घालून जी रडायला लागली, की परीक्षेची पोरं पुस्तकं मिटून बाहेर निघून गेली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. माझ्या तोंडून एकच वाक्य निघत होतं, "काही नाही बाळा, काही नाही."

थोड्या वेळाने ती बोलली. "टॅब उघडला की निकालच समोर येतो गं आई. पुस्तक वाचायला घेतलं तरी वरून मेसेज येतात, रँक येते. मला तो नकोच होता हातात. सकाळी बाहेर पडले, कुठं जायचं तेच कळत नव्हतं. स्टँडवर मुरुडची गाडी लागलेली दिसली. लहानपणी सुट्टीत आबा इथं आणायचे ना... मग हे पुस्तक दिसलं कपाटात. म्हटलं, हे तरी पूर्ण वाचू."

"आणि मग?" मी विचारलं.

ती खाली बघत म्हणाली, "पुस्तक संपल्यावर काय, ते ठरवलं नव्हतं."

पुस्तकाची थोडीच पानं उरली होती. मी बघितली.

मिलिंदला फोन केला. तो रिक्षा करून धावतपळत आला. तिथल्या हॉटेलात आम्ही चौघं जेवलो. मित्राने भाकरी मागून घेतली, पुन्हा मागून घेतली, आणि परतीच्या वाटेवर माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली ती थेट नांदेड आल्यावर उठली. मी आयुष्यात इतकी हलकी कधी झाले नव्हते.

क्लास आम्ही सोडला. काही महिने डॉक्टरांकडे समुपदेशनाला जात होतो. आता ती नांदेडलाच बीएस्सी करतेय. वाचते ते छापीलच. आबा मात्र पाटी सोडायला तयार नाहीत.

मी शांत झाल्यावर अकाउंट तपासलं. त्या दिवशी टॅबवरून काहीही गेल्याची नोंद नव्हती. कंपनीला लिहिलं, त्यांचं ठरावीक उत्तर आलं की कधीकधी सिंक व्हायला उशीर होतो. मिलिंद म्हणतो, गाडीच्या धक्क्यांनी आबांचंच बोट लागत असेल, पानं पुढे गेली असतील, पट्टीही त्यातच उमटली असेल. असेल. पण मग विचारणा कशी आली? ती दुसरीकडून वाचल्याशिवाय येतच नाही. आणि पट्टी नेमकी त्याच ओळींवर? आबांना विचारलं तर म्हणतात, "मला काय विचारती, कॉम्प्युटरची मास्तरीण तू." त्यांना त्यात काही नवल वाटत नाही, किंवा वाटत असलं तरी सांगत नाहीत.

तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा. पण नाही सुचलं तरी चालेल. मला खरंच चालेल.

आत्ता हे टाईप करतेय तर स्वयंपाकघरातून आबा आणि मित्रा, दोघांचा आवाज येतोय. वांग्याच्या भाजीत आणखी तिखट घालायचं की नाही, यावर जुंपलीय. मित्रा मोठमोठ्याने हसतेय... मी उठतेच, नाहीतर भाजी करपेल.