मोडेल म्हणणारी बाई

वाघजाईनं तुला वाचवलं, असं कुणी म्हटलं की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो. गेल्या नवरात्रापासून हे मी इतक्या तोंडून ऐकलं आहे, की हो म्हणावं का नाही तेच कळेनासं झालं. माझ्या लग्नाला तीस वर्षं झाली, एकाही नवरात्रात मी देवीची ओटी चुकवलेली नाही. तरी खरं सांगते, त्या सातव्या माळेनंतर कितीतरी दिवस मी देवापुढं दिवा लावला तो नुसत्या हाताच्या सवयीनं. मला वाचवलंस तर माझ्या जावेला का नाही, एवढंच मला तिला विचारायचं होतं.

मी घरातली थोरली सून. घरात अभद्र बोलायचं नाही, ही रीत मी सासूकडून घेतली आणि तिच्यापेक्षा कडक पाळली. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. घरातून निघताना ‘जाते’ म्हणायचं नाही, ‘येते’ म्हणायचं. माझ्या जावेची, सुमनची मुलगी कोमल हिंजवडीला नोकरीला जाते. रोज सकाळी ती गाडीला किक मारता मारता ओरडायची, “मोठी आई, जाते गं.” मी आतून म्हणायचे, “येते म्हण.” आणि ती हसून म्हणायची, “बरं बाई, येते.” सुमनला याची गंमत वाटायची. “आक्का, तुमी यमाला बी ‘या, बसा’ म्हणाल,” असं एकदा म्हणाली होती.

देऊळ नदीच्या पलीकडं आहे आणि तिकडं जायला जुना लोखंडी पूल होता. पावसाळ्याआधी सरकारी माणसं आली आणि अलीकडच्या तोंडाशी बोर्ड रोवून गेली. सावधान, पूल मोडकळीस आला आहे, वापर करू नये. बोर्ड लावला आणि त्यांनी हात झटकले. ना डागडुजी, ना आडवी साखळी. आम्हीही रोज तो बोर्ड वाचून पलीकडं जात होतो.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी महिला मंडळाचा फ्लेक्स लावायचा होता. सर्व माहेरवाशिणींचे सहर्ष स्वागत, असा. पुलाच्या तोंडाशी बांधायला जागा तीच. मला तो बोर्ड पहिल्यापासून खुपत होता. आईच्या वाटेवर ‘मोडकळीस’ काय, ‘सावधान’ काय, सणासुदीला माहेरवाशिणींनी हेच वाचत यायचं का? मी म्हटलं, ह्याच्यावरनंच बांधू. सुमन दोरी हातात धरून थांबली. म्हणाली, “ऱ्हाऊ द्या की आक्का, वाचतील तरी लोकं.” मी म्हटलं, “तुला कळतंय का काई? ते अभद्र झाकलं पायजे.” थोरलीचा शब्द. तिनं गाठ मारली.

सातव्या माळेला केशरी रंग होता. आम्ही सगळ्या केशरी साड्या नेसून ओटीची ताटं घेऊन निघालो. नदी दुथडी भरलेली, पुलावर बायकांची गर्दी, माहेरी आलेल्या लेकी, त्यांची पोरं. सुमन माझ्या पुढं होती. आम्ही पुलावर थोड्या आत गेलो असू, तेवढ्यात मागून, काठावरून कुणीतरी ओरडायला लागलं. “मत जाओ दीदी, टूटेगा! नीचे से टूट गया है!” वळून पाहिलं तर एक परकी बाई. ओला पदर खोचलेला, हातात कपड्यांचं घमेलं. पिरंगुटच्या कंपन्यांमागं पत्र्याच्या खोल्यांत राहणाऱ्या कुणाची तरी बायको असणार, हे दिसतच होतं.

माझं डोकं फिरलं. देवीच्या दारात, सातव्या माळेला, टूटेगा? बाकीच्या बायकांनी ऐकलं आणि सोडून दिलं, पण मला सोडवेना. सुमनला म्हटलं, “तू हो म्होरं, ह्या बाईला जरा समजावून येते.” ती म्हणाली, “जाऊ द्या वो, तिला काय ठावं.” मी गर्दीतून वाट काढत उलटी आले. तिच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, “ए बाई, शुभ बोलायचं. कळतंय का? शुभ बोलो.” तिनं माझं मनगट धरलं आणि हिसडा मारून मला काठावर ओढलं. ताट पडलं. मी तिला शिवी द्यायला तोंड उघडलं, आणि पाठीमागं पूल गेला.

त्यापुढचं मी लिहिणार नाही. आमच्या गावच्या चार बायका गेल्या, त्यात सुमन. ती खूप खाली, बंधाऱ्याजवळ सापडली. हातातला हिरवा चुडा जसाच्या तसा होता.

मग गावानं जे बोलायचं ते बोलून घेतलं. सवाष्ण गेली, नवरात्रात गेली, देवीच्या दारात गेली, भाग्याचं मरण. कोमलच्या तोंडावर बायका असं सांगत होत्या आणि ती भिंतीकडं बघत बसली होती. कुणी म्हणालं, बाहेरची लोकं फोटो काढायला पुलावर चढतात त्यानं झालं. कुणी म्हणालं, देवीचा कोप झाला. पूल पडला असं कुणी म्हणेना, सगळे म्हणत, ती घटना. चौथ्या दिवशी त्याच जागी नवा फ्लेक्स लागला, भावपूर्ण श्रद्धांजलीचा. त्यावर गेलेल्यांचे फोटो बारके आणि श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे मोठे.

बोर्ड मात्र दुसऱ्याच दिवशी जागेवर नव्हता. कुणी उपटला ते कुणी विचारलं नाही. चौकशीला साहेब येणार म्हटल्यावर गावानं ठरवलं, बोर्ड कधी नव्हताच असं सांगायचं. माझे दीर स्वतः माझ्याकडं आले. “वैनी, तुमी एवढंच म्हणा, बोर्ड न्हवता. न्हाईतर त्ये सरकारी लोकं सुटत्यात आन् समदं आपल्याच अंगावर येतंय.” ज्याची बायको गेली तो माणूस हात जोडत होता. मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी मी पत्र्याच्या खोल्यांकडं त्या बाईला शोधत गेले. साडी-चोळी नेली होती, ओटी भरायला. तिनं घेतली नाही. पूल पडेल हे तुला कसं कळलं, असं विचारलं तर म्हणाली, मी रोज खाली कपडे धुते, वरून गंज पडतो, त्या सकाळी एक पट्टीच तुटून दगडावर पडली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, “आप लोग कभी नीचे नहीं आते क्या?”

खरंच नाही उतरलो. दारात नळ आले, मशीन आलं, त्याला किती वर्षं झाली. आमच्यातलं कुणी नदीवर उतरून पुलाचं पोट बघितलं नव्हतं. परत येताना मी नदीच्या अलीकडल्या काठावर बसले आणि पलीकडच्या देवळाकडं बघून पोटभर रडले. तिथं मला पहिल्यांदा कळलं. देवी बोलली होती. बोर्डावरून बोलली, ते मी झाकलं. सुमनच्या तोंडून बोलली, तिला मी गप्प केलं. शेवटी त्या परकीच्या तोंडून ओरडली, तर मी तिला दटावायला गेले, आणि जगले ती त्या दटावण्यामुळंच. ह्याला कृपा म्हणायचं तर म्हणते. पण अशी कृपा गिळताना घशात अडकते.

शाळेत जबाब झाले. साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, “बोर्ड होता. त्याच्यावर फ्लेक्स बांधायला मी लावला. माझी जाऊ नको म्हणत होती. आणि हेही लिहा, की नुसत्या बोर्डानं पूल नीट होत नाही.” दीर मागच्या बाकावर होते. उठून बाहेर गेले. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. गावात तर माझ्या हातचं हळदीकुंकू बायका पदराआड पुसतात.

मला त्याचा राग येत नाही असं नाही, येतो. पण आता मी देवीपुढं हात जोडते ते काही मागायला नाही. एवढंच म्हणते, आई, तुला जे बोलायचं ते बोल, अभद्र असलं तरी बोल, मी ऐकेन. आणि त्या बाईला सुखी ठेव. शरण जाणं म्हणजे काय हे मला तीस वर्षांच्या ओट्यांनी शिकवलं नाही, ते त्या हिसड्यानं शिकवलं.

कोमलला मी जबाबाच्या आदल्या संध्याकाळीच सगळं सांगितलं होतं. दोरी, गाठ, तिच्या आईचे शब्द, माझे शब्द. तिनं ऐकून घेतलं आणि उठून गेली. महिन्याभरानं तिनं मारुंजीत खोली घेतली. बॅग गाडीला बांधून दारात आली. माझ्या पाया पडली नाही. “जाते, मोठी आई,” म्हणाली.

माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते आतच ठेवलं.

“जा,” म्हटलं.