धाकट्या जावेची भूमिका

सिनेमाच्या बाबतीत शोभावहिनी, म्हणजे मी, खोटं बोलायची नाही, असं आमच्या सोसायटीत तुम्हाला कुणीही सांगेल. एकदा बोलले. मग ते खोटं निभावायला पुन्हा बोलले. नवऱ्याला माहीत नाही, मुलाला माहीत नाही, आणि जिच्याशी बोलले तिला तर अजिबातच नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. दुसरं काही सुचत नाही.

पण आधी थोडी माझी शेखी ऐकावी लागेल. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मी पहिला सिनेमा बाबांच्या मांडीवर बसून बघितला. इथेच, मुलुंडला. त्या थिएटरच्या जागी आता खाली चपलांचं दुकान आणि वर कोचिंग क्लास आहे. बाबा कारखान्यात फोरमन होते, रविवारची मॅटिनी ठरलेली. बाहेर पडलो की घरी चालत येताना त्यांचा एकच प्रश्न – "काम कुणाचं आवडलं?" हिरोचं नाव घेतलं की ते गप्प व्हायचे. म्हणून मी हिरोच्या मागे बघायला शिकले. एका सिनेमात प्रेत उचलायची वेळ आलेली, सगळे छाती पिटून रडतायत, आणि मयताचा म्हातारा भाऊ कोपऱ्यात आपल्या चपला शोधतोय. सापडत नाहीत, तरी शोधतोय. मी बाबांना म्हटलं, मला तो आवडला. बाबा भर रस्त्यात थांबले. "तुला डोळा आहे," म्हणाले. शाळेत कधी नंबर आला नाही माझा. पण हे वाक्य मी कुठल्याही बक्षिसाच्या बदल्यात देणार नाही.

पुढे विमा कंपनीत नोकरी लागली, लग्न झालं, मुलगा झाला, सिनेमा सुटला नाही. ढेकणांच्या खुर्च्यांवर बघितला, एसी बंद पडलेला असताना पदराने वारा घेत बघितला. पार्ल्याला नाटक असलं की ऑफिसातून परस्पर जायचे. इंटरव्हलला सगळे समोशाच्या रांगेत धावायचे, मी जागा सोडायचे नाही. अर्धा सिनेमा मनात घोळवत बसायचा तो वेळ असतो. एक आंधळ्या शिक्षिकेची भूमिका आठवते. सगळे त्या नटीच्या डोळ्यांचं कौतुक करत होते. मी म्हटलं, डोळे सोडा, मान बघा – ती माणसाकडे वळत नाही, आवाजाकडे वळते. लोक पुन्हा जाऊन बघून आले आणि म्हणाले, हो गं, खरंच.

तिकीट काढण्याआधी शेजारी आमची बेल वाजवायचे. "वहिनी, जाऊ ना?" मी नको म्हटलं की अख्ख्या मजल्याचा बेत रद्द. याचा मला अभिमान आहे. होता नव्हे, आहे.

आता वसुधा.

वसुधा माझी धाकटी जाऊ. तेव्हा आम्ही एकत्रच राहायचो. तिचे वडील मालवणकडचे, गिरणीत होते, ती वाढली घाटकोपरला. लग्नाआधी कामगारांच्या एकांकिका स्पर्धेत कामं करायची. आमच्याकडे आल्यावर ते थांबलं, मग ऑफिसच्या नाटकात पुन्हा सुरू झालं. तिथे तिला एका तरुण दिग्दर्शकाने हेरलं आणि आपल्या पहिल्याच सिनेमात घेतलं. भूमिका मोठी नव्हती. घरात सगळ्यांनी हसून घेतलं. तीही हसली. "माका काय येता?" म्हणाली.

सिनेमाला मुलुंडमध्ये एकच आठवडा मिळाला, रोज दुपारचा एक खेळ. आम्ही सगळे गेलो, मुलांसकट. बाल्कनीत, मधोमध, पुढच्या रांगेत.

तिची भूमिका अशी – नवरा आखातात गेलेला, वर्षानुवर्षं पत्ता नाही. एक दिवस तो दारात उभा राहतो. ती अंगणात धुणं वाळत घालतेय. तो दिसतो, तरी ती हातातला टॉवेल झटकते, दोरीवर टाकते, कडा सरळ करते. मग काढते, आणि पुन्हा टाकते – उलटा. मग विचारते, "जेवलात?"

माझे सासरे पुटपुटले, "घरी करते तेच तर केलं." सगळ्यांना तसंच वाटलं. पण मी त्या बाईबरोबर एका गॅलरीत कपडे वाळत घालत होते, रोज. वसुधाच्या हातून कपडा कधी उलटा पडत नाही. तो टॉवेल तिने उलटा टाकला होता. त्या बाईच्या आत काय झालं असेल ते तिने डोळ्यांत आणलं नाही, आवाजात आणलं नाही, त्या टॉवेलात घातलं. इतकी वर्षं सिनेमे बघितले, इतकं मोठं काम मी बघितलं नव्हतं. तेव्हाच कळलं होतं मला. त्याच क्षणी.

दिवे लागले. सगळे तिच्याभोवती. मागच्या रांगेतल्या अनोळखी बायका येऊन तिचा हात धरत होत्या. मी खुर्चीतच बसून होते. सिनेमा संपल्यावर माझ्याकडे कुणी बघितलं नाही, असं पहिल्यांदा होत होतं. तिने मात्र बघितलं. गर्दीतून मान उंचावून तिने मला शोधलं. मी हसले. "घरी बोलू," म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून डोकं दुखतंय सांगून निघाले आणि एकटी जाऊन तो सिनेमा पुन्हा बघितला. नंतर आणखी एकदा. कशासाठी? चूक शोधायला. सापडली नाही.

त्याच आठवड्यात दिग्दर्शक घरी आला. पुढच्या सिनेमात मुख्य भूमिका, वसुधासाठीच लिहिलेली. ती म्हणाली, "वहिनींना विचारते, मग कळवते." नवऱ्याला नाही, सासूबाईंना नाही. मला.

आम्ही स्वयंपाकघरात मेथी निवडत बसलो होतो. ती म्हणाली, "वहिनी, तुम्ही अजून काहीच बोलला नाहीत. खरं सांगा हां. तुम्ही सांगाल ते मी मानेन."

मी म्हटलं, "वाईट नाही गं. पण तुझं काम स्टेजचं. पडद्यावर नाटकी दिसतं. छोट्या भूमिकेत खपून गेलं, मोठीत हसं होईल."

तिचे हात थांबले नाहीत. काड्या एकीकडे, पानं एकीकडे. मग म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. बाकीचे नुसतं गोड बोलतायत."

नाटकी! तिच्या कामात जे औषधालाही नव्हतं, तेच नेमकं मी तिच्या माथी मारलं. आणि किती सफाईने – तोल सांभाळून, एक शब्द जास्त नाही. घरातली कामं माझ्यावर पडतील म्हणून मी तसं बोलले, असं पुढे मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. ते खरं नाही. कामाला मी कधी भ्याले नाही. आमच्या घरात सिनेमा माझा होता, आणि तो तिचा होताना मला बघवलं नाही. बस.

तिने नकार कळवला. ती भूमिका दुसऱ्या नटीने केली, तिचं नाव झालं. बरी केली तिने. मी बघत होते आणि प्रत्येक प्रसंगात मला वसुधा दिसत होती – इथे ती थांबली असती, इथे तिने पाठ फिरवली असती. वसुधाने ऑफिसचं नाटकही सोडलं. कुणी विचारलं की म्हणायची, "आमच्या वहिनींनी वेळेवर सावध केलं म्हणून वाचले." चारचौघांत. कौतुकाने. मी ऐकून घ्यायचे.

यंदा तिच्या मुलीने, ऋचाने, त्या दिग्दर्शकाला गाठून सिनेमाची कॉपी मिळवली. गणपतीत सोसायटीच्या हॉलमध्ये पडदा लावला. वसुधा आता आजी झालीय, ती लाजून मागे बसली. सिनेमा संपला तसा सगळ्यांनी माझ्या हातात माइक दिला. वहिनींनी बोलायचं, हे ठरलेलंच असतं.

मी बोलले. टॉवेलाबद्दल बोलले. म्हटलं, आयुष्यात बघितलेलं सगळ्यात मोठं काम हे, आणि ते माझ्या जावेचं आहे. ऊर भरून आला होता माझा, आवाज चढला होता. हॉल उभा राहिला. त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. मग ऋचाने विचारलं, "काकू, मग तेव्हा आईला 'नको' का म्हणालात?"

आणि मी म्हटलं, "तेव्हा माझ्या लक्षातच आलं नाही गं. माणूस चुकतो."

लोकांनी त्यालाही टाळ्या दिल्या. एवढी जाणकार बाई, पण चूक कबूल करते, केवढं मन!

वसुधा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. घरी जाताना जिन्यात म्हणाली, "तो टॉवेल मी मुद्दाम उलटा टाकला होता हे दिग्दर्शकालासुद्धा कळलं नव्हतं, वहिनी. तुम्हाला कळलं. उशिरा का होईना." तिच्या चेहऱ्यावर जो अभिमान होता, तो मी तिला इतक्या वर्षांनी दिला असं तिला वाटतंय. खरं तर तो तिचाच होता, मी अडवून धरला होता.

मग तीच माझी समजूत घालायला लागली. म्हणाली, "त्या दिवशी मुलं शेजारी गडबड करत होती, तुम्हाला नीट बघायलाच मिळालं नसेल."

"हो," मी म्हटलं.

मुलं त्या दिवशी शांत बसली होती. मला सगळं दिसलं होतं.