हात मागे बांधून

लखनौच्या हजरतगंजमधल्या एका लहानशा दुकानात तो लॅपटॉप दुरुस्त करतो. विंडोजऐवजी लिनक्स वापरून पाहायचे ठरल्यावर मी सगळे पर्याय कागदावर लिहिले आणि बँकेतली ड्यूटी संपवून थेट त्याच्याकडे गेले. विंडोज काढावे, दोन्ही ठेवावीत, की नुसते पेनड्राइव्हवरून चालवून पाहावे? भीती एकच होती. माझ्या आईने म्हटलेली गाणी त्याच लॅपटॉपमध्ये होती.

त्याने चष्मा कपाळावर सारून यादी वाचली, गाण्यांचेही ऐकून घेतले. "मैडम, गानों की दूसरी कॉपी?"

"नहीं है."

"इतनी लंबी लिस्ट, और यही छूट गया?"

मलाच हसू आले.

त्याने आधी माझ्याकडून गाण्यांची प्रत करून घेतली. दुरुस्ती सोडली तर बाकी सगळे गिऱ्हाइकानेच करायचे. तो हात मागे बांधून फक्त सांगतो. मग माझ्यापुढे पेनड्राइव्ह ठेवत म्हणाला, "ट्रांसफर पर पहले ही दिन पूरी गृहस्थी ले जाती हैं क्या?"

बदली होऊन लखनौला मीही एका बॅगेनिशीच आले होते. पंधरा दिवस पेनड्राइव्हवरच चालवायचे ठरले.

आवाज नीट येतो का, हे पाहायला मी लिनक्समध्ये आईचे एक गाणे लावले. मराठीचा एक शब्दही न कळणारा तो माणूस गाणे संपेपर्यंत तसाच उभा राहिला.