राजाची झोप

मेनीरच्या शेतामागच्या टेकडीत, एका खोल गुहेत राजा आर्थर झोपलाय. वेल्सवर संकट आलं की तो आपल्या सरदारांसह उठणार, आणि तोवर त्याची झोप मोडायची नाही. गुहेपाशी मोठ्याने बोलायचं नाही, हा तिच्या बापाचा नियम होता. चुकून राजाला जाग आलीच आणि त्याने "वेळ झाली का?" असं विचारलं, तर "नाही, झोपा" म्हणायचं. हे उत्तर बापाने दोन्ही पोरांकडून प्रार्थनेच्याही आधी घोटून घेतलं होतं.

मेनीर आता एकोणसत्तर वर्षांची झाली, आणि या राजाने तिला जन्मभर वैताग दिला. गावची शाळा बंद होणार म्हणून ती एकटी कचेरीत जाऊन भांडत होती, तेव्हा तिचा धाकटा भाऊ इथेल शेगडीपाशी बसून म्हणाला, राजा आहे ना. शाळा बंद पडली. मग प्रार्थनाघराला कुलूप लागलं. राजाने साधी कूससुद्धा बदलली नाही.

त्या सकाळी बहीणभाऊ धुक्यात मेंढ्या खाली आणत होते आणि त्यांची म्हातारी कुत्री फ्लोस पाय घसरून गुहेत पडली. आतून तिचं विव्हळणं ऐकू आलं, मग तेही थांबलं. आणि इथेल काय करतोय, तर गुहेच्या तोंडाशी पालथा पडून कुजबुजत हाका मारतोय.

"अरे, ती अर्धी बहिरी आहे," मेनीर म्हणाली. "तू हाक मारतोयस की प्रार्थना म्हणतोयस?"

"हळू बोल. तो उठेल."

"उठू दे. पंधराशे वर्षं लोळतोय, एक कुत्री तरी वर काढू दे त्याला."

तिने त्याला बाजूला सारलं आणि घसा बसेपर्यंत हाका मारल्या. बऱ्याच वेळाने आत दगड घरंगळले. आवाजाच्या रोखाने लंगडत, चिखलाने माखलेली फ्लोस वर आली. मेनीर तिला पोटाशी धरून ढसाढसा रडली.

इथेल मात्र पांढराफटक पडून गुहेला कान लावून उभा होता. "मेनीर, आत अजून काहीतरी हलतंय. कुणीतरी उत्तर द्यायला हवं."

त्याला चार शब्द सुनवावेत असं तिला वाटलं. पण ओरडली होती तीच. ती कण्हत गुडघ्यांवर बसली आणि अंधारात वाकली.

"नाही, महाराज. झोपा," ती म्हणाली. मग उठता उठता म्हणाली, "शाळा बंद झाली तेव्हा उठायचं होतं."