गोदाबाईंची बिनवासाची ताडपत्री

किसनजींनी बैल सोडून गाडीच्या चाकाला बांधला होता. त्याने मान वळवली, गाडीच्या कमानीवरून लोंबणारा कापडाचा कोपरा जिभेने ओढला आणि डोळे अर्धे मिटून चघळायला लागला. तो कोपरा मी आठवडाभर खपून शिवला होता, त्याला तेल पाजलं होतं, वाळवला होता.

“मास्तर, बैल खाऊन राह्यला ना तुमचा माल!” शेठ गल्ल्यावरून ओरडले.

मी धावत जाऊन कोपरा ओढून काढला. बैलाला ते आवडलं नाही. शेठ पोट धरून हसत होते. किसनजी मात्र हसले नाहीत. ते गाडीत वाकून बघत होते, कारण आत त्यांची बायको गोदाबाई खोकत होती आणि तो खोकला थांबत नव्हता.

नांदुऱ्याला स्टेशनजवळ शेठचं दुकान होतं. बारदान, मंडपाचं कापड, तयार ताडपत्र्या असा सगळा माल. मी तिथे टेलर होतो. नवा महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. कपाशीच्या सीझनला आम्हाला मान वर करायला फुरसत नसायची. पण तेव्हा पोळा नुकताच झाला होता, बाजार थंड होता आणि किसनजींची ऑर्डर आली होती.

किसनजी जवळच्याच खेड्यातले माळी. वांगी, मेथी, कांदे पिकवणारे. मुलगी शांता साखरखेर्ड्याला दिलेली. तिचं पहिलं बाळंतपण. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण डॉक्टरांनी शांताला खाटेवरून उठायचं नाही म्हणून सांगितलं होतं. लेकीला माहेरी येता येत नव्हतं, म्हणून माहेरच गाडीत घालून तिच्याकडे न्यायचं होतं.

अडचण गोदाबाईंची होती. त्यांना दमा. शिवाय कंबर धरलेली, फार वेळ बसवत नसे. मागे एकदा एस.टी.त धुराने त्यांचा श्वास असा कोंडला की खामगावच्या अलीकडेच उतरवावं लागलं. म्हणून बैलगाडी, तीत गवत, वर गोधडी आणि त्यावर आडव्या गोदाबाई. वाटेत तीन-चार मुक्काम उघड्यावर, आणि हस्ताचा पाऊस तोंडावर. “भिजल्या तर मी जबाबदार नाही,” असं गोदाबाईंचे डॉक्टर बोलून चुकले होते.

“ताडपत्री टाका की वरून,” शेठ म्हणाले होते. “तयार हाये. थेंब येत नाही.”

“डांबराचा वास येते तिले,” किसनजी म्हणाले. “घरात होती एक. दारात ठेवली तरी दम लागते.”

म्हणून मी घरगुती ताडपत्री शिवायचं कबूल केलं. दिवसा गाडीच्या कमानीवर टाकायची, मुक्कामाला झाडाला दोरी बांधून तिचाच तंबू करायचा. कापड घेतलं जाड मांजरपाट. आणि ते वॉटरप्रूफ करायला मी जवसाचं तेल आणि मेण वापरलं. तेल सुकलं की कापडावर पातळ साय धरते, पाणी वरून घसरून जातं. ही जुनी पद्धत आहे, चांगली आहे. माझा हिशोब असा, की ज्या घरात रोज जवसाची चटणी होते, तिथे जवसाच्या वासाचं काय वावडं!

वावडं कोणालाच नव्हतं, सर्वात कमी तर बैलाला. जन्मभर जवसाची ढेप, म्हणजे पेंड, खाल्लेलं जनावर ते. त्याच्या दृष्टीने मी गाडीवर जेवणच वाढून ठेवलं होतं. पण चटणीचा वास ताटापुरता असतो. उन्हात वाळलेल्या एवढ्या कापडाचा वास गाडीच्या कमानीत कोंडला की काय होतं, ते गोदाबाईंच्या छातीने दाखवून दिलं.

किसनजींनी कापड वर सारलं. गोदाबाईंना मोकळ्या हवेत उठवून बसवलं. श्वास जागेवर यायला बराच वेळ लागला. मी पाण्याचा तांब्या घेऊन नुसता उभा होतो.

“राहू द्या, मास्तर,” किसनजी शेवटी म्हणाले. “मी एकटाच जाऊन येतो.”

“तुमी जाऊन काय करसान?” गोदाबाई धापा टाकत म्हणाल्या. “लेकरू न्हाऊ घालता येते तुमाले?”

गोदाबाई माझ्याकडे वळल्या. “भाऊ, दुसरं काई असन तर करा. वास नसला म्हणजे झालं. भिजीन थोडी, त्याचं काई नाही. माह्या पोरीचं पयलं हाये. तिनं आवाज देल्ला आन् माय नाही, असं कसं?”

मला माझी आई आठवली. मी म्हणालो, “काकू, चार दिवस द्या.” दुसरं काय करायचं हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

तेल लागलेलं कापड धुऊन काही उपयोग नसतो. नवं कापड काढायला गेलो तर शेठ आडवे आले.

“काऊन? पुन्हा बैलाले चारता काय?”

“शेठ, बाई गाडीत झोपून घाट चढून लेकीकडे जाणार आहे.”

शेठनी कानाची पाळी चोळली. मग म्हणाले, “तो वरचा गठ्ठा घ्या. त्याचं सूत बारीक हाये. तेलाची ताडपत्री मी माह्या अंगणात लाकडांवर टाकतो.” आमचे शेठ असेच होते, आधी चावायचे आणि मग फुंकर घालायचे.

युक्ती आठवली ती न्हाव्याच्या दुकानात. त्याने दाढी केली, साबण पुसला आणि गालावरून तुरटी फिरवली. गाल चरचरला आणि माझे उस्ताद डोळ्यांपुढे आले. सर्व्हेवाल्यांचे तंबू शिवायचे ते. कापड आधी साबणाच्या पाण्यात आणि मग तुरटीच्या पाण्यात काढायचे. मी तेव्हा नवशिका होतो, मला वाटायचं, म्हातारा कापड धुतो आहे. खरं म्हणजे साबणातली चरबी तुरटीमुळे धाग्याला घट्ट धरून बसते आणि मग पाण्याने सुटत नाही. कापड मऊच राहतं आणि वास जवळपास येत नाही.

आधी शिवण घेतली. पाऊस कापडातून कमी येतो, सुईच्या भोकातून जास्त येतो. म्हणून सुई बारीक लावली आणि दोरा मेणावरून ओढून घेतला. दोन पट्ट्यांच्या कडा एकमेकींत दुमडून दोनदा शिवल्या. दुमड अशी ठेवली की वरची पट्टी खालचीवर यावी, छपरावर कवेलूवर कवेलू असतं तशी. कोपऱ्यांना दुहेरी ठिगळं लावून दोरीची कडी बसवली. मग बायकोच्या चुलीवर हंडा चढवला. साबण किसून उकळत्या पाण्यात विरघळवला, कापड त्यात बुडवलं, पिळलं, वाळवलं. नंतर कोमट पाण्यात तुरटी घालून पुन्हा तेच.

“चादर कोणाची म्हणायची ही?” बायकोने विचारलं. मी सांगितलं. त्यानंतर तुरटी तिनेच कुटून दिली.

दुकानामागच्या मोकळ्या जागेत ताडपत्री बांधली, एक बाजू उंच, एक खाली, म्हणजे पाणी साचू नये. किसनजी गाडी घेऊन आले. मी बादली उचलली. गोदाबाई म्हणाल्या, “थांबा. मले खाली ठेवा. ज्याच्या डोक्यावर राह्यते, त्यानं पाह्यलं पाह्यजे.”

किसनजींनी आणि मी खाट आत सरकवली. गोदाबाई आडव्या झाल्या. दोनदा खोल श्वास घेऊन पाहिला. खोकला आला नाही. शेठनी स्टुलावर चढून बादलीमागून बादली ओतली. पाणी मोत्यांसारखं गोळा होऊन उताराने पळत होतं. आत थेंब नाही. आणि मग गोदाबाईंनी हात वर करून कापडाला बोट लावलं. बोट लागलं तिथेच टपकन थेंब पडला, थेट त्यांच्या नाकावर.

“काकू! आतून हात लावायचा नसतो!” मी ओरडलो. “असं कापड आतून टेकलं की तिथूनच गळतं.”

“पयले सांगायचं ना बे!” त्या म्हणाल्या आणि हसायला लागल्या. किसनजी त्यांच्याकडे बघत राहिले. खूप दिवसांनी हसली असावी बाई. बैलाने मात्र नव्या कापडाचा वास घेतला आणि तोंड फिरवलं.

दुसऱ्या सकाळी ते निघाले. त्यानंतर हस्त असा बरसला की दुकानात बसून मला कापडाची एकेक शिवण आठवत होती. घरी गोधडीत शिरायला लाज वाटायची. बायको म्हणायची, “झोपा आता. तुमच्या जागण्यानं तिथली ताडपत्री गळायची थांबणार हाये का?”

दिवाळीच्या तोंडावर किसनजींची गाडी दुकानापुढे थांबली. गाडीवर कमान नव्हती. गाडीत गोधडीही नव्हती. गाडीत कोणीच नव्हतं.

मी मशीनवरून उठलो. शेठनी गल्ला बंद केला.

किसनजी आले आणि त्यांनी घडी केलेली ताडपत्री माझ्यापुढे टाकली. “हे पाहा, मास्तर.”

मी घडी उलगडली. मधोमध मोठं चौकोनी भोक होतं. कात्री वाकडीतिकडी चाललेली. एवढ्या शिवणी सोडून नेमकं सलग कापड कापलेलं.

“कोणी केलं हे?” माझा आवाज चढला.

“म्हातारीनं.”

“कुठे आहेत त्या?”

“तिथंच. येत नाही म्हणते.” किसनजींचं तोंड आता हसू लागलं होतं. “नातू झाला. शांता बरी हाये. वाटेत दोन रात्री पानी पडलं, अंगावर थेंब नाही आला. आन् पोट्टं झाल्यावर हे तिच्या ध्यानात आलं. मऊ हाये, वास नाही, पानी थांबवते. घेतली कात्री. त्याच्या बुडाखाली टाकते आता.”

शेठ डोळे पुसत होते आणि खोकल्याचं सोंग करत होते.

पण माझ्यातला टेलर काही गप्प बसेना. मी विचारलं, “थांबतं का हो पाणी?”

“थांबते थोडं,” किसनजी म्हणाले. “मंग गळते.”

“साहजिकच आहे. खाली मांडीला टेकतं ना. मी सांगितलं होतं, आतून टेकलं की गळणार!”

“तेच म्हणलो मी तिले. म्हणते, मास्तरले सांगा, गळते. पोट्टं पार लुगडं भिजवते. आन् असंच भिजवत राहू द्या म्हणा.”

मी त्या भोकाला दुहेरी ठिगळ लावून दिलं. पुढे बरीच वर्षं मी या धंद्यात काढली, पण माझी ताडपत्री गळते अशी तक्रार परत कोणाची आली नाही. मात्र तेव्हापासून ऑर्डर घेताना मी आधी विचारतो, खाली कोण झोपणार आहे. आणि घरात बाळंतपण असेल, तर हातभर कापड जास्तच धरतो.