सायलेन्सरला माशाचं तेल

परवा दिवाळे गावच्या धक्क्यावर कुणीतरी होडीला माशाचं तेल चोळत होतं. त्या उग्र वासासरशी मला माझी जुनी मोटरसायकल आठवली.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी होडी सोडून नोकरी धरली आणि मोटरसायकल घेतली, म्हणून बाबा तिच्याकडे बघतही नसत. माझं नुकतंच लग्न झालेलं. मी हौसेनं गाडीला गोल आरसे, लाल सीट कव्हर आणि चकचकीत नवा सायलेन्सर बसवला. संध्याकाळी सुमनला, माझ्या बायकोला, मागे बसवून ऐटीत निघालो. सायलेन्सर तापला मात्र, मासे तळल्याचा घमघमाट सुटला! गावातली सगळी कुत्री मागे लागली.

"अवो, गाडीन कालवन शिजतंय काय?" सुमन हसून हसून बेजार.

मी तणतणत घरी आलो. ओटीवर जाळं विणत बसलेले बाबा मान वर न करता म्हणाले, "खाऱ्या वाऱ्यानं गंजंल ना त्यो. म्हनून तेल चोपरलंय."

तेव्हा भयंकर चिडलो होतो. परवा मात्र धक्क्यावर उभ्या उभ्या हसू फुटलं. आपल्या होडीशिवाय ते तेल बाबांनी दुसऱ्या कशालाच कधी लावलं नव्हतं.